संगीतच तर आहे, त्यात काय एवढं!

"संगीतच तर आहे, त्यात काय एवढं!" हे वाक्य गेल्या काही महिन्यांत मी तीन वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. एकजण संस्था चालवतो, एकीचं मानसशास्त्रात पीएचडी चालू आहे, आणि तिसरा आपल्यासारखाच आयटीवाला, कंपनीच्या सीएसआर कमिटीवर असलेला. तिघंही भली माणसं. तिघांचा विषय साधारण एकच: महापालिकेच्या नाहीतर आश्रमशाळेतल्या 'व्हल्नरेबल' मुलांवर म्युझिक थेरपीचा अभ्यास. बारा आठवडे, आठवड्यातून दोन तास, एक ढोलकी, एक कीबोर्ड, थोडे खुळखुळे. आधी एक प्रश्नावली, नंतर एक प्रश्नावली, आणि मधे जो फरक पडेल तो निष्कर्ष.

मी आपला साधा प्रश्न विचारला, की मुलं कशी मिळणार? उत्तर तिन्ही वेळा तेच. "बाई यादी देतील ना. फॉर्म वाटू, दोन दिवसांत सह्या येतात." आणि माझ्या कपाळावर आठी दिसली की लगेच, "अरे, औषध थोडंच देतोय? संगीतच तर आहे!"

तर मंडळी, आजचं लिखाण या वाक्याविरुद्ध आहे. संगीताविरुद्ध नाही, थेरपीविरुद्ध नाही, संशोधनाविरुद्ध तर मुळीच नाही. माझं म्हणणं एवढंच, की गोष्ट चांगली आहे म्हणून ती मिळवायची पद्धत आपोआप चांगली होत नाही. उलट गोष्ट जितकी गोड, तितकं पद्धतीकडे दुर्लक्ष जास्त.

आधी या 'व्हल्नरेबल' शब्दाचं बघू. प्रोजेक्ट रिपोर्टमधे तो फार छान दिसतो. प्रत्यक्षात म्हणजे कोण? बाप पितो, आई चार घरची धुणीभांडी करते, असा मुलगा. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांनी आजीकडे ठेवलेली मुलगी. अक्षरं उलटी दिसतात म्हणून 'ढ' ठरलेला. बोलताना अडखळणारा. ज्याला सहज दुखावता येतं तो व्हल्नरेबल, हा झाला अर्धा अर्थ. उरलेला अर्धा जास्त महत्त्वाचा आहे: ज्याला 'नाही' म्हणणं परवडत नाही तो व्हल्नरेबल. आणि आपण नेमकं त्याच्याकडेच होकार मागायला जातो, तेही शाळेत!

शाळा म्हणजे काय प्रकार असतो ते आठवा जरा. बाईंनी सांगितलं म्हणजे सांगितलं. "उद्या सगळ्यांनी पालकांची सही आणायची" हे वाक्य दहा वर्षं ऐकलंय आपण. प्रगतिपुस्तकावर सही, सहलीच्या फॉर्मवर सही, उशिरा आल्याबद्दल सही. घरी कोण वाचतं हो ते? आई गॅससमोर उभ्याउभ्या हात पुसून सही करते. ज्या घरात आई-वडील शाळेतच गेले नाहीत, तिथे तर शाळेतून आलेला कागद म्हणजे सरकारी कागद. सही नाही केली तर पोराचं नाव काढतील, शिष्यवृत्ती थांबेल, बाई राग धरतील, असं काहीबाही मनात येतं. कुणी तशी धमकी दिलेली नसते. द्यायची गरजच नसते.

म्हणजे दोन दिवसांत शंभर टक्के सह्या येतात त्या संगीत आवडतं म्हणून नाही. त्या शाळेच्या धाकाच्या सह्या असतात. त्यांना 'पालकांची संमती' म्हणणं म्हणजे 'आय अ‍ॅग्री'च्या चौकोनात आधीच टिक करून ठेवायची आणि मग युजरने मान्य केलं म्हणून मिरवायचं.

टिकवरून आठवलं. २०१२ मधे फेसबुकने ६,८९,००३ लोकांच्या न्यूज फीडमधे आठवडाभर फेरफार करून बघितला होता. काहींना आनंदी पोस्ट कमी दाखवल्या, काहींना दुःखी पोस्ट कमी दाखवल्या, आणि त्यांच्या स्वतःच्या पोस्ट बदलतात का ते मोजलं. २०१४ मधे तो पेपर छापून आला तेव्हा केवढा गदारोळ झाला! संमतीचं काय, तर म्हणे अकाउंट उघडताना अटी मान्य केल्यात ना. तेव्हा आपल्या क्षेत्रातले कितीतरी लोक चिडले होते, आणि बरोबरच होतं ते. पण गंमत बघा. फेसबुकवरच्या प्रौढ माणसाला निदान अकाउंट बंद करायची सोय होती. पाचवीतल्या पोराला शाळा बंद करता येते का?

आता कुणी म्हणेल, की हा जरा अतिच ताणतोय. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सची एक गोष्ट. तिथे फर्नाल्ड स्कूल नावाची 'मंदबुद्धी' मुलांची निवासी शाळा होती. अर्थात तिथली बरीचशी मुलं मंदबुद्धी वगैरे नव्हतीच. गरीब होती, नाहीतर घरच्यांनी टाकलेली होती. १९४६ ते १९५३ या काळात एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी तिथे आहाराचे प्रयोग केले. पैशाला क्वेकर ओट्स कंपनीचा हातभार होता. शरीरात लोह आणि कॅल्शियम कसं शोषलं जातं ते शोधायचं होतं. त्यासाठी मुलांच्या ओट्समधे आणि दुधात किंचित किरणोत्सारी लोह-कॅल्शियम मिसळलं जायचं.

मुलं कशी मिळवली? एक 'सायन्स क्लब' काढला! क्लबमधे आलात तर जादा दूध, बेसबॉलचा सामना बघायला सहल, मिकी माऊसचं घड्याळ. चार भिंतींत कोंडलेल्या, कुणी भेटायलाही न येणाऱ्या पोरांना हे आमिष म्हणजे काय असेल, विचार करा. पालकांना पत्रं गेली, त्यात आहाराबद्दल लिहिलं होतं. किरणोत्सर्गाचा शब्द नव्हता.

हे प्रकरण १९९३ च्या अखेरीस पेपरांत आलं. चौकशी झाली, आणि चौकशीत काय निघालं? तर मात्रा इतकी कमी होती, की मुलांच्या तब्येतीवर लक्षणीय परिणाम झालेला नाही. ऐका बरं का, परिणाम झाला नाही! "ओट्सच तर आहेत" असं तेव्हा कुणी म्हणालं असतं तर आरोग्याच्या हिशेबाने ते फारसं खोटं नव्हतं. तरीही १९९८ मधे एमआयटी आणि क्वेकर ओट्सने १८.५ लाख डॉलर देऊन तो दावा मिटवला. कारण तक्रार फक्त मात्रेची नव्हतीच. आम्हाला क्लबमधे घेतलं असं सांगून आमचा उंदीर केलात, ही तक्रार होती. कुणीतरी आपल्याला निवडलं, या एका आनंदावर त्या मुलांना वापरून घेतलं होतं. म्हातारपणी त्या माणसांना हेच बोचत होतं.

परदेशातलं नको असेल तर आपलं घ्या. २००९ मधे आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात (आता तेलंगणात आहे) आणि गुजरातमधे बडोदा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प झाला. 'पाथ' ही अमेरिकन संस्था, आयसीएमआर आणि राज्य सरकारं असा तो मामला होता. एप्रिल २०१० मधे तो थांबवला गेला. काही मुलींचे मृत्यू झाले होते. चौकशीत त्यांचा लशीशी संबंध आढळला नाही. लस चांगलीच आहे, जगभर देतात, माझं तिच्याशी काही भांडण नाही. भांडण फॉर्मशी आहे. आंध्रातले ९,५४३ फॉर्म तपासले, तेव्हा त्यातल्या १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर सही होती वसतिगृहाच्या वॉर्डनची! आई-बाप दूर पाड्यावर, पोरगी आश्रमशाळेत, मग सही कोण करणार? वॉर्डन आहेतच की. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ च्या अहवालात या सगळ्यावर कडक ताशेरे ओढले.

यातून 'लस वाईट' असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा, की उत्तम गोष्टसुद्धा दुसऱ्याच्या सहीने दिली की नासते. पुढे अशा मुलींच्या आया आरोग्यसेविकेला दारात उभं करतील का? विश्वास एकदा गेला की पुढच्या दहा चांगल्या कामांना त्याची किंमत मोजावी लागते.

"बरं बाबा, पण लस सुईने देतात. संगीताने काय होणार?" हा पुढचा प्रश्न असतोच. सांगतो.

पहिलं म्हणजे शिक्का. बाईंनी यादी दिली, सहा नावं. बुधवारी तिसऱ्या तासाला शिपाई येतो आणि भर वर्गातून ती सहा पोरं उठवून नेतो. उरलेल्या चाळीस जणांना पंधरा दिवसांत बरोब्बर कळतं, की ही सहा का. नाव पडतं. "ए, थेरपीवाला!" पोरं या बाबतीत किती निर्दयी असतात हे वेगळं सांगायला नको. बारा आठवड्यांनी अभ्यास संपतो, नाव दहावीपर्यंत चिकटून राहतं. शिवाय बाईंच्या यादीत येतात कोण? जी वर्गात त्रास देतात ती. जी मुलगी कोपऱ्यात गप्प बसून आतल्या आत मिटत चाललीये, ती यादीत नसतेच, कारण तिचा कुणाला त्रास नाही.

दुसरं म्हणजे कुठला तास बुडतो. गणिताचा बुडवला तर मुख्याध्यापक ओरडतात, म्हणून बुडतो पीटीचा नाहीतर चित्रकलेचा. म्हणजे आठवड्यात जो एक तास त्या पोराला आवडत होता, तोच गेला.

तिसरं सगळ्यात गंभीर. संगीत निरुपद्रवी आहे असं म्हणणारे लोकच ते मनाच्या तळाशी पोचतं असंही म्हणतात. अहो, दोन्ही एकदम कसं खरं असेल? तळाशी पोचत असेल तर तळातलं काहीतरी वर येणारच. एखादं पोर ढोलकी वाजवतावाजवता रडायला लागतं आणि घरातलं काहीतरी सांगून टाकतं. मारहाण, किंवा त्याहून वाईट. मग? पॉक्सो कायदा, २०१२, कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या कुठल्याही व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. नाही कळवलं तर शिक्षा आहे. याचा अर्थ, "तू इथे काहीही बोल, बाहेर जाणार नाही" असं वचन त्या मुलाला देताच येत नाही. हे फॉर्मवर लिहिलेलं असतं का? मुलाला आधी सांगितलेलं असतं का? वीकेंडला गिटार घेऊन मदतीला गेलेल्या आपल्यासारख्या हौशी स्वयंसेवकाला तरी ठाऊक असतं का?

चौथं म्हणजे शेवट. ज्या मुलांच्या आयुष्यातून माणसं निघून जात असतात, त्यांना आपण एक प्रेमळ ताई-दादा देतो आणि बाराव्या आठवड्यात कीबोर्ड खोक्यात भरून परत नेतो. ग्रँट संपली! आणि तुलनेसाठी जो दुसरा गट ठेवलेला असतो, त्याला चिठ्ठी टाकून आधीच सांगितलेलं असतं की तुझा नंबर लागला नाही. आयुष्यभर नंबर न लागलेल्या पोराला हे आणखी एकदा.

आणि हे सगळं ज्या फायद्यासाठी, तो फायदा किती पक्का आहे? संगीताच्या बाबतीत आपण फार पटकन वाहवत जातो. १९९३ मधे 'नेचर'मधे एक छोटा प्रयोग आला. ३६ कॉलेजकुमारांनी मोझार्ट ऐकल्यावर दहा-पंधरा मिनिटं एका विशिष्ट प्रकारच्या चाचणीत जास्त गुण मिळवले. बस्, एवढंच. पाच वर्षांत अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर नवजात बाळांना शास्त्रीय संगीत वाटण्यासाठी १,०५,००० डॉलर मागत होते! उलट २०१७ मधे 'जामा'त आलेला अभ्यास बघा. नऊ देशांतली, चार ते सात वर्षांची, ऑटिझम असलेली ३६४ मुलं. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्यासोबत संगीतोपचार. पाच महिन्यांनी सामाजिक संवादाच्या मुख्य मोजमापात दोन गटांत लक्षणीय फरक नाही. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्याने २६ अभ्यास एकत्र बघितले, तेव्हा एकंदर सुधारणा आणि जगण्याची गुणवत्ता यांत फायद्याच्या खुणा दिसल्या, सामाजिक संवादात स्पष्ट फरक दिसला नाही.

मला तो ३६४ मुलांचा अभ्यास फार आवडतो. फायदा झाला नाही तर तसं छापायचं, याला धमक लागते. पण त्याचा दुसरा अर्थही घ्या. फायदा होतो की नाही हे माहीत नाही म्हणूनच अभ्यास करतोय ना आपण? मग पालकांना "याने तुमच्या मुलाचं डोकं शांत होईल, मार्क वाढतील" असं कुठल्या तोंडाने सांगतो? ते जर ठाऊकच असेल तर अभ्यास कशाला, आणि ठाऊक नसेल तर ही चक्क थाप आहे.

नियम नाहीत असंही नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पालकांची संमती लागतेच, पण सात ते बारा वयाच्या मुलाचा स्वतःचा तोंडी होकार लागतो आणि बारा ते अठराच्या मुलाचा लेखी. मुख्याध्यापकांसारख्या दरवाजावर उभ्या असलेल्या माणसाची परवानगी आवश्यक असू शकते, पण ती सहभागी होणाऱ्याच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. इतकं स्वच्छ आहे. फक्त "संगीतच तर आहे" म्हटलं की हा कागद कपाटात जातो.

आता समोरच्या बाजूचा खरा मुद्दा. तो हलका नाही. ते म्हणतात, "इतकं कडक केलंस तर फॉर्म भरून कोण देणार? कोथरूडमधले सुशिक्षित पालक. ज्या मुलांना सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांचेच फॉर्म येणार नाहीत. म्हणजे संशोधनातूनही गरीब बाहेर." खरं आहे. अगदी खरं आहे. पण याचा इलाज संमती सैल करणं हा नाही, संमती मागायला पायपीट करणं हा आहे. संध्याकाळी सातनंतर वस्तीत जा, आई कामावरून आल्यावर. फॉर्म वाचून दाखवा, तिच्या बोलीत. तिला प्रश्न विचारू द्या. आठ दिवसांनी परत जा. आश्रमशाळा असेल तर पाड्यावर जा, अधीक्षकांच्या टेबलावर थांबू नका. याला वेळ लागतो, पैसे लागतात, माणसं लागतात. प्रस्तावात वाद्यांसाठी रक्कम असते, लॅपटॉपसाठी असते, समारोपाच्या बॅनरसाठी असते. घरोघरी जाण्यासाठी शून्य. डेडलाइन जवळ आली की टेस्टिंगचे दिवस कापायचे, हे आपण रोज करतोच. तीच सवय इथे लागलीये, फक्त इथे बग घेऊन घरी जाणारं एक नऊ वर्षांचं पोर असतं.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण अशा कामांचे पैसे बऱ्याचदा आपल्या कंपन्यांकडून येतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर घालायला लावलंय. शनिवारी टी-शर्ट घालून शाळेत जाणारे आपण, फोटो काढणारे आपण. तेव्हा पुढच्या वेळी कुणी बोलावलं तर जायच्या आधी एवढं विचारा:

१. मुलं कोण निवडतंय? संपूर्ण वर्गाला निमंत्रण आहे, की बाईंची यादी आहे?

२. मुलांना आणि पालकांना विचारणारा माणूस कोण? त्यांना मार्क देणारा, वसतिगृह चालवणारा माणूस तो नसावा.

३. मुलाला 'नाही' म्हणायची रीत काय? चार पोरांसमोर हात वर करायला लावू नका. एक पेटी ठेवा, चिठ्ठी टाकू दे. आणि पाचव्या आठवड्यात कंटाळा आला तर कारण न देता उठून जाता येतं का?

४. मुलाने काही भयंकर सांगितलं तर त्याच दिवशी काय करायचं, हे लिहून ठेवलंय का? आणि मुलाला ते आधी सांगितलंय का?

५. तेराव्या आठवड्यात काय? वाद्यं शाळेत राहणार का, एखाद्या शिक्षकाला शिकवून जाणार का, दुसऱ्या गटाला नंतर मिळणार का?

६. फोटो का काढताय? आचारसंहितेच्या समितीने मंजुरी दिलीये का, आणि त्या मंजुरीत तुमचा कॅमेरा आहे का?

"एवढे प्रश्न विचारले तर पुढच्या वेळी बोलवणार नाहीत" असं एका मित्राचं म्हणणं पडलं. नाही बोलावलं तर नाही बोलावलं. शनिवारी झोपा काढा, कुणाचं नुकसान होत नाही.

शेवटचा एक मुद्दा, आणि हा मात्र पक्का आपल्या धंद्यातला. एखाद्या प्रोजेक्टमधे हजार टेस्ट आहेत आणि त्यातली एकही, कधीही फेल होत नाही, असं दिसलं तर आपण पार्टी करत नाही. आपण टेस्ट उघडून बघतो, कारण नव्वद टक्के वेळा ती काही तपासतच नसते. संमतीचंही तसंच. "शाळेतल्या सर्व मुलांनी उत्स्फूर्तपणे भाग घेतला" असं अहवालात वाचलं की मला धडकी भरते. चाळीस मुलांच्या वर्गात एकालाही गाणं नको नव्हतं? एकाही आईने "आमच्या पोरावर प्रयोग नको" म्हटलं नाही? असं होत नसतं राव. तिथे विचारलंच गेलेलं नसतं.

तेव्हा असा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाकडे माझी एकच मागणी आहे. किती मुलं आली हे सांगता, किती सुधारली हे सांगता, तसंच पहिल्या पानावर किती जणांनी नाही म्हटलं तेही छापा. आणि त्यांना त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, एवढी खात्री द्या. तो आकडा शून्य असेल, तर बाकीचे आकडे वाचायची मला गरज वाटत नाही.